प्रोग रॉकमधला सॅक्सोफोन: पाहुणा की घरचा?

गोदाकाठ_बेस
नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा बँड आहे, गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सराव चालतो. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि बेसवर मी. आम्ही प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक वाजवतो, म्हणजे लांब, बदलत्या तालांच्या रचनांचं रॉक. सध्या तशीच एक लांबलचक रचना हातात घेतली आहे. मधला भाग सात मात्रांत, शेवट संथ. तिच्यात सॅक्सोफोन हवा असं माझं आणि ड्रमरचं ठाम मत आहे. आमचा गिटारवाला म्हणतो, सॅक्स आला की एकतर त्याचं जॅझ होतं नाहीतर हॉटेलच्या लॉबीतलं संगीत.

मला हे पटत नाही. किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये आला. त्यातलं पहिलंच गाणं, 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन', नीट ऐका. रॉबर्ट फ्रिपच्या गिटारीला चिकटून इयान मॅकडोनल्डचा आल्टो (सॅक्सचा उंच आवाजाचा प्रकार) तीच ओळ वाजवतो. मधल्या भागात सगळे एकदम सुटतात आणि एकदम थांबतात, त्या तुकड्यांमधून सॅक्स काढला तर गाण्याची धारच जाईल. तिथे तो सोलो वाजवून निघून जायला आलेला नाही. म्हणजे ज्या अल्बमपासून लोक प्रोगची सुरुवात धरतात, त्यातच तो घरचा आहे.

तर प्रश्न असा: प्रोगमध्ये सॅक्सचं नेमकं काम काय? आणि ते कोणी सगळ्यात चांगलं केलं? गाण्यांच्या नावांसकट लिहा, म्हणजे गिटारवाल्याला ऐकवता येतील.

तर्रीबाज
वाचतोय. मिसळ मागवली आहे, पाव संपेपर्यंत दोन पानं तरी व्हायला हवीत.

मेलोट्रॉन
पिंक फ्लॉइड आधी घ्यायला हवं. डिक पॅरी हा डेव्हिड गिलमोरचा केंब्रिजचा जुना ओळखीचा. १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'वर 'मनी' आणि 'अस अँड देम' या दोन गाण्यांत तो आहे आणि दोन्हीकडे त्याचा आवाज इतका वेगळा आहे की वादक एकच आहे यावर विश्वास बसत नाही. 'मनी'त खरखरीत, ढकलून वाजवलेला टेनर, म्हणजे आल्टोपेक्षा खालच्या आवाजाचा सॅक्स. 'अस अँड देम'मध्ये स्वराच्या आधी फुंकरीची हवा ऐकू येते. मग १९७५ मध्ये 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. तिथे आधी त्याहून खालचा बॅरिटोन, मग लय दुडकी होते आणि तो टेनरवर येतो.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून विचारशील तर पॅरी पाहुणाच. उत्तम पाहुणा, पण पाहुणा. त्याच्याशिवाय फ्लॉइड उभे राहतात.

रूपक_सात
मी तबल्याचा माणूस, रॉक बेताचंच ऐकलंय. पण 'मनी'बद्दल एक गोष्ट लिहितो. ते गाणं सातात आहे हे सगळे सांगतात. पॅरीचा सॅक्स सातातच वाजतो. त्यानंतर गिलमोरची गिटार सुरू होते तेव्हा मात्र ठेका चारात येतो. म्हणजे अवघड जागा सॅक्सने सांभाळली आणि मोकळं मैदान गिटारीला मिळालं!

सातात फुंकायचं म्हणजे श्वास कुठे घ्यायचा ते आधी पक्कं करावं लागतं. चारात समेआधी आपोआप जागा मिळते. सात मात्रांच्या रूपक तालात ती मिळत नाही, ओढून आणावी लागते. पॅरीच्या त्या सोलोत तो कुठे श्वास घेतो ते बोटांवर मात्रा मोजत ऐका. वाक्यं कधी सातावर संपतात, कधी पुढच्या आवर्तनात सांडतात. मला सॅक्सचं काम तिथे दिसतं. बाकी सगळी वाद्यं यंत्रासारखी न थांबता वाजू शकतात. फुंकीच्या वाद्याला दम लागतो, म्हणून त्याच्या वाक्याला शेवट असतो. वीस वीस मिनिटांच्या रचनांमध्ये हे फार मोलाचं आहे.

मेलोट्रॉन
रूपक_सात, बेताचंच ऐकलंय म्हणता आणि असा प्रतिसाद देता! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आत्ता लावून ऐकलं.

जुना_रेकॉर्डवाला
श्वासाचं म्हणणं मान्य. पण पाहुणा की घरचा, हा प्रश्न ज्यांच्यामुळे निकाली निघतो त्यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही. व्हॅन डर ग्राफ जनरेटर.

या बँडमध्ये नेहमीचा गिटारवादकच नाही असा काळ आहे, आणि तोच त्यांचा उत्तम काळ. पीटर हॅमिलचा आवाज, ह्यू बँटनचा ऑर्गन, गाय इव्हान्सचे ड्रम्स आणि डेव्हिड जॅक्सनचा सॅक्स. १९७० मध्ये बेसवाला निक पॉटर सोडून गेला तर बँटनने बेस ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर घेतला. अशा घरात सॅक्सला पाहुण्यासारखं बसून चालेल कसं? जॅक्सन आल्टो आणि टेनर दोन्ही गळ्यात अडकवायचा आणि दोन्ही एकदम तोंडात धरून वाजवायचा. रोलंड कर्क या जॅझवाल्याची ती युक्ती, पण जॅक्सनने तिला रिफच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठसकेबाज ओळीच्या, कामाला लावलं. शिवाय सॅक्सला पिकअप (आवाज विजेवर नेणारा छोटा माइक) बसवून तो वा-वा (आवाज उघडमीट करणारं यंत्र) आणि सप्तक बदलणाऱ्या यंत्रातून काढायचा. १९७० च्या अल्बममधलं 'किलर' ऐका, तिथे गिटारीने वाजवायचा जडशीळ रिफ सॅक्स वाजवतो. १९७१ च्या 'पॉन हार्ट्स'ची एक अख्खी बाजू म्हणजे 'अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स', तेवीस मिनिटांच्या आसपास. त्यात सॅक्स कधी भोंगा होतो, कधी हॅमिलच्या किंकाळीत मिसळून जातो. माणूस कुठे संपला आणि पितळ कुठे सुरू झालं ते कळत नाही.

हा अल्बम इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला होता, स्वतःच्या देशात, इंग्लंडमध्ये, त्याला फारसं कोणी विचारलं नाही. माझ्याकडची प्रत मुंबईहून आणलेली आहे, एका बाजूला थोडी करकरते. तरीही पावसाळ्यात कपाटातून पहिली तीच बाहेर येते.

अपर्णा_सिडको
रेकॉर्डवाले काका, 'किलर' लावलं. घरच्यांनी दार लावून घेतलं, पण मला फार आवडलं. ते दोन सॅक्स एकदम म्हणजे खरंच दोन? मला वाटलं, रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंग चढवलं असेल.

जुना_रेकॉर्डवाला
स्टुडिओत थरही चढवतात, पण स्टेजवर तो खरोखर दोन वाजवायचा. त्यांच्या बैठकांची जुनी चित्रणं उपलब्ध आहेत, टोपी घातलेला उंच माणूस शोधा. कोलोसियम बँडचा डिक हेकस्टॉल-स्मिथही दोन वाजवायचा. १९६९ चं 'व्हॅलेंटाइन स्वीट' ऐकून बघा.

देवळाली_कॅम्प
जरा इतिहासात जातो. माझं लहानपण देवळालीत गेलं, लष्करी बँड कानावर पडतच वाढलो. सॅक्सोफोन जन्माला आला तोच लष्करी बँडसाठी. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. बँडमध्ये एका बाजूला ट्रम्पेटसारखी दणदणीत पितळी वाद्यं, दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेटसारखी नाजूक. मधली जागा रिकामी होती. म्हणून अंग पितळेचं आणि तोंडाला क्लॅरिनेटसारखी एक रीड, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी. रीड आहे म्हणून पितळेचा असूनही तो लाकडी वाद्यांच्या घराण्यात मोडतो.

प्रोग बँडमध्ये तीच मधली जागा असते, ऑर्गन आणि ड्रम्सच्या मधली. मॅकडोनल्ड तर लष्करी बँडमध्ये वाजवून आलेला होता.

अपर्णा_सिडको
आपल्याकडे सॅक्स म्हटलं की मनोहारी सिंग! 'है दुनिया उसीकी जमाना उसीका', १९६४. रफींच्या आवाजामागे तो सॅक्स काय विलक्षण आहे. आणि 'गाता रहे मेरा दिल'. माझे बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात सॅक्सवाल्याला गायकाइतक्या टाळ्या पडायच्या.

तर्रीबाज
विषय प्रोगवरून रफींवर आला. माझी हरकत नाही. बसा, बोला, मी अजून एक पाव मागवतो.

देवळाली_कॅम्प
मग कद्री गोपालनाथही येऊ द्या. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्स ऐकून ते त्याकडे वळले आणि गमकं (स्वर हलवत घेणं) निघावीत म्हणून वाद्यात फेरफार करून त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. २०१९ मध्ये गेले. सॅक्सवर जॅझचा शिक्का आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी अर्धा तास त्यांचं ऐकावं.

फेंडर_फ्रॉम_नाशिक
तो गिटारवाला मीच. धाग्याची लिंक मला ड्रमरने पाठवली.

माझं म्हणणं अर्धवट मांडलं गेलंय म्हणून लिहितो. मला सॅक्सचा राग नाही. अडचण जागेची आहे. टेनरचा पल्ला गिटारीच्या पल्ल्यावरच येऊन बसतो. मी डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत, जाड करणारं यंत्र) लावलं की मधला सगळा पट्टा माझ्या आवाजाने भरतो, त्यात सॅक्स आला की दोघांचंही पिठलं होतं. मग एकच मार्ग उरतो, तो वाजवतो तेव्हा मी गप्प आणि मी वाजवतो तेव्हा तो. म्हणजे परत सोलोंची अदलाबदल. ऐंशीच्या दशकातल्या प्रत्येक प्रेमगीतात हेच झालं आणि तेव्हापासून सॅक्स म्हणजे तिसऱ्या कडव्यानंतरची ती ठरावीक आठ मापं, म्हणजे आठ आवर्तनं.

येस आणि जेनेसिस या बँडांचे सत्तरच्या दशकातले नामांकित अल्बम घ्या. सॅक्स शोधून सापडत नाही. जेनेसिसच्या पीटर गॅब्रिएलने हवी तिथे बासरी वाजवली, बासरी गिटारीच्या वरून जाते, भांडण होत नाही. मग आम्हाला सॅक्सच का हवा? मी नेमकं काय वाजवू, हे मला कोणीतरी सांगा.

गोदाकाठ_बेस
बरं झालं आलास. सरावात एवढं सविस्तर कधी बोलला नाहीस.

मेलोट्रॉन
फेंडर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'स्टारलेस'मध्ये आहे. किंग क्रिमसन, १९७४, अल्बम 'रेड', गाणं बारा मिनिटांच्या वर. सुरुवातीच्या कडव्यांत गायकाच्या ओळी संपतात तिथे मागून सॅक्स हळू बोलतो. मग मधला भाग, तेरा मात्रांचा. तिथे फ्रिप काय वाजवतो? एकच स्वर. दोन तारांवर आलटून पालटून तोच तो स्वर, मग अगदी सावकाश एक पायरी वर, पुन्हा तेच. मिनिटांमागून मिनिटं. बेस आणि ड्रम्स खालून चढत जातात, ऐकणाऱ्याला आता काहीतरी तुटणार असं वाटायला लागतं. आणि ते तुटतं तेव्हा लय दुप्पट होते आणि सॅक्स सुसाट सुटतो. त्याला तशी जागा मिळते कारण फ्रिपने तोपर्यंत सगळं दाबून धरलेलं असतं.

त्या अल्बमवर सोप्रानो (आल्टोहूनही उंच आवाजाचा सॅक्स) मेल कॉलिन्सचा, आल्टो मॅकडोनल्डचा. दोघेही बँड सोडून गेलेले, पाहुणे म्हणून परत बोलावलेले. कागदोपत्री पाहुणे, पण त्या गाण्याची इमारत त्यांच्यावर उभी आहे. पॅरीबद्दल जे मी वर लिहिलं ते इथे लागू होत नाही.

फेंडर_फ्रॉम_नाशिक
'स्टारलेस' मला पाठ आहे. पण ते कधी सॅक्सच्या बाजूने ऐकलं नव्हतं. तरी एक स्वर पाच मिनिटं वाजवण्याइतका संयम आमच्या बँडमध्ये कुणाकडे आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

काळी_दोन
मी पंचवटीत राहतो, लग्नाच्या बँडमध्ये आल्टो वाजवतो. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. हा धागा भाच्याने दाखवला. ही गाणी मी आत्ता ऐकतोय, पण वाजवण्याबद्दल लिहू शकतो.

गिटारवाल्यांची आवडती पट्टी पांढरी तीन (पेटीवरची, इंग्रजीत 'ई'), कारण त्यांच्या मोकळ्या तारा तिथे. आमच्या आल्टोवर 'सी' धरला की प्रत्यक्षात वाजते काळी दोन ('ई फ्लॅट'). म्हणजे पांढरी तीनमधलं मेजर गाणं मला 'सी शार्प'मध्ये धरावं लागतं, सातच्या सात स्वर शार्प. टेनरवर तेच 'एफ शार्प', सहा शार्प. वाजत नाही असं नाही, पण करंगळ्या नुसत्या धावत राहतात आणि मग वाजवणारा सोप्या जागा शोधतो. सोप्या जागा शोधल्या की सगळ्यांचं वाजवणं सारखंच व्हायला लागतं. ती ठरावीक आठ मापं थोडीफार इथूनही येतात असं मला वाटतं. बँडमध्ये आमची गाणी काळी दोन, काळी पाचवर असतात, त्यात बोटं मोकळी राहतात.

उपाय सोपा आहे. गिटार आणि बेस, दोघांनी तारा अर्धा सूर उतरवायच्या. तुमची बोटं जिथे आहेत तिथेच राहतील, पट्टी पांढरी तीनची काळी दोन होईल आणि माझ्यासाठी ती होईल सरळ 'सी'. त्यानंतर सॅक्सवाला काय वाजवतो ते बघा.

दुसरं, वरातीत घोड्यापुढे चालत, डॉल्बीशी टक्कर देत दोन दोन तास वाजवतो आम्ही. तिथे दम कुठे सोडायचा आणि कुठे राखायचा हे पाय शिकवतात. रूपक_सात यांनी श्वासाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आमच्यात सनईवाल्यांकडून उचललेली रीतही आहे, गालात हवा धरून नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर तुटू द्यायचा नाही. पण ती सारखी वापरली की ऐकणाराच गुदमरतो.

रूपक_सात
काळी_दोन, नमस्कार. शेवटचं वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

अपर्णा_सिडको
धाग्यातला सगळ्यात आवडलेला प्रतिसाद. दादा, वरातीत सातात काही वाजवता का कधी?

काळी_दोन
वरातीत सातात वाजवलं तर नवरदेवाचे मित्र पडतील, ताई. पण पहाटे रियाजाला वडील रूपकातली भजनं वाजवून घ्यायचे. सात अंगात आहे.

जुना_रेकॉर्डवाला
जॅझ होईल या भीतीबद्दल राहून गेलं होतं. सॉफ्ट मशीन या बँडचं 'थर्ड', १९७०. दोन रेकॉर्डी, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना. एल्टन डीनचा आल्टो तिथे सरळ जॅझच वाजवतो, आणि मला तो अल्बम अतिशय प्रिय आहे. या डीनच्या नावातलंच 'एल्टन' घेऊन एल्टन जॉनने स्वतःचं नाव ठेवलं. गाँगचा दिदिए मालेर्ब हा आणखी एक, सॅक्सवाला पण बासरीचा नाद असलेला. सुपरट्रॅम्पचा जॉन हेलिवेल उलट टोकाचा, मोजकं आणि गोड. एवढी वेगवेगळी माणसं एकाच वाद्यावर एकाच दशकात. गिटारवाल्या मित्राने एकाच्या आवाजावरून वाद्याला नाकारू नये.

नवीन हवं असेल तर स्टीव्हन विल्सनच्या अल्बमांवर थिओ ट्रॅव्हिस आहे, २०१३ च्या 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग'वरचा मला विशेष आवडतो. आणि कानठळ्या बसल्या तरी चालणार असतील तर नॉर्वेच्या शायनिंगचा २०१० चा 'ब्लॅकजॅझ'.

फेंडर_फ्रॉम_नाशिक
काल रात्री तारा अर्धा सूर उतरवून बघितल्या. रिफ अधिक जड वाटतो, खरं सांगायचं तर मूळपेक्षा चांगला वाटतो. पण माझी अट आहे. सातातल्या भागात सॅक्सला सोलो नाही. 'स्किझॉइड मॅन'सारखं त्याने आणि मी एकच ओळ वाजवायची, मी डिस्टॉर्शन कमी ठेवीन. तो सुटणार तो फक्त शेवटच्या संथ भागाच्या आधी, आणि तिथे मी एका स्वरावर बसेन.

गोदाकाठ_बेस
मंजूर. ड्रमरलाही मंजूर आहे, त्याने फक्त अंगठा पाठवलाय. मी सुरुवातीला सॅक्सचं काम काय असं विचारलं होतं. माझ्यापुरतं उत्तर असं जमलंय: कुठल्या भागात तो भिंत धरणार आणि कुठल्या भागात दार उघडणार हे रचना लिहितानाच ठरवायचं. रचना पूर्ण झाल्यावर त्याला बोलावलं तर तो पाहुणाच राहतो.

काळी_दोन दादा, येणार का आमच्याकडे? मानधन आणि वेळ तुम्ही सांगाल तशी.

काळी_दोन
लग्नसराई आहे, संध्याकाळी जमणार नाही. सकाळी येईन. आधी रेकॉर्डिंग पाठवा, सातातला भाग घरी बसवून येतो. गच्चीवर माइक कसला आहे?

गोदाकाठ_बेस
साधा डायनॅमिक, गाण्यासाठीचा.

काळी_दोन
चालेल. फक्त तो भोंग्याच्या तोंडात खुपसू नका. सॅक्सचा आवाज उघड्या भोकांतूनही येतो, सगळा भोंग्यातून येत नाही. हातभर लांब, वाद्याच्या मध्याकडे तोंड करून ठेवा. आणि मी आल्यावर लगेच सुरू करायचं नाही. वाद्य गार असताना सूर खाली असतो, दहा मिनिटं फुंकून गरम करू द्या, मग सगळ्यांनी मिळून सूर लावू.

तर्रीबाज
मिसळ कधीच संपली. पण इतक्या प्रतिसादांत हॉकविंडचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? निक टर्नर, 'स्पेस रिच्युअल', १९७३. रेकॉर्डवाले काका, तुम्हीसुद्धा?

जुना_रेकॉर्डवाला
हॉकविंड प्रोग की स्पेस रॉक, यावर वेगळा धागा काढा. तिथे भांडायला येतो.